प्राथमिक शाळेत भूगोल कसा शिकवावा : पुण्यातल्या वर्गासाठी पायरीपायरीने

चौथीच्या वर्गात विचारा, "पुणं कोणत्या नद्यांच्या काठी वसलंय?" सगळा वर्ग एका सुरात सांगेल, "मुळा आणि मुठा!" आता विचारा, "मुठा कुठून येते आणि कुठे जाते?" बरीच मुलं भिंतीवरच्या नकाशाकडे बघतात आणि हात वरून खाली नेतात. नकाशात जे वरच्या बाजूला ते उंच, आणि नदी तर उंचावरून खाली येते, असा त्यांचा हिशेब असतो. प्रत्यक्षात मुठा खडकवासल्याहून ईशान्येकडे वाहत संगमापर्यंत येते. नकाशावर बोट ठेवून बघितलं तर ती चक्क खालून वर जाते.

ही चूक मुलांची नाही. आपण त्यांच्यासमोर छापील नकाशा फार लवकर टांगतो. स्वतः एकही नकाशा न काढलेल्या मुलाला तो नकाशा म्हणजे रंगीत चित्र वाटतं आणि त्यावरची नावं म्हणजे पाठ करायची यादी. म्हणून या लेखातला क्रम उलटा आहे : आधी वर्ग, मग पटांगण, मग शाळेभोवतीचा परिसर, मग नदी-डोंगर आणि अगदी शेवटी भिंतीवरचा नकाशा. बालभारतीच्या पुस्तकांत तिसरी ते पाचवीचा भूगोल परिसर अभ्यासातून येत आला आहे आणि तिसरीचं पुस्तक तर जिल्ह्याजिल्ह्याचं वेगळं निघत आलं आहे. जवळून लांब जायचं, ही वाट आपल्याकडे आखलेलीच आहे. तिच्यावरून घाई न करता चालायचं, एवढंच करायचं आहे.

पहिली पायरी : वरून बघणं

नकाशा म्हणजे वरून बघितलेली जागा. मोठ्यांना हे सांगावं लागत नाही, आठ वर्षांच्या मुलाला मात्र शिकवावं लागतं. बाकावर जेवणाचा डबा, पाण्याची बाटली, खोडरबर आणि कंपासपेटी ठेवा. मुलांना उभं राहून सरळ वरून बघायला सांगा आणि जे दिसतं तेवढंच काढायला सांगा. पहिल्या खेपेला बहुतेक मुलं बाटली उभीच काढतात, झाकणासकट, कारण बाटली अशी "असते" हे त्यांना ठाऊक असतं. खोडायला लावू नका. बाटली कागदावर ठेवून तिच्याभोवती पेन्सिल फिरवायला सांगा. उरतं ते नुसतं वर्तुळ.

मग वह्या बदलायला सांगा. शेजाऱ्याच्या कागदावरचं वर्तुळ बाटलीचं की डब्याचं, हे ओळखता येत नाही. आता मुलं स्वतःच म्हणतात की बाजूला लिहायला पाहिजे. इथे त्यांना "सूची" हा शब्द द्या. गरज आधी आली की शब्द आपोआप लक्षात राहतो.

दुसरी पायरी : वर्गाचा नकाशा, आधी पावलांनी

वर्गाची लांबी चालून मोजायला सांगा. कुणाची बारा पावलं भरतात, कुणाची पंधरा, बाईंची नऊ. मग खरं कुणाचं? या वादाला पुरेसा वेळ द्या, कारण सारखं माप का लागतं हे त्यातूनच कळतं. नंतर मीटर-मीटरवर गाठी मारलेली सुतळी आणा आणि पुन्हा मोजा.

प्रमाण शिकवायला गणिताची चौकटीची वही पुरते. एक मीटर म्हणजे दोन चौकटी, एवढं ठरवा. वर्ग सात मीटर लांब असेल तर चौदा चौकटी. दार, खिडक्या, फळा, बाक त्याच हिशेबाने बसवा. चौथीच्या मुलांना हे दोन तासांत जमतं. तिसरीला मात्र आधी पटांगणात खडूने मोठा आराखडा काढू द्या आणि त्यात उभं राहून "मी खिडकीपाशी, तू दारापाशी" असं खेळू द्या. पटांगण नसेल तर व्हरांडाही चालतो.

तिसरी पायरी : दिशा सावलीवरून

"सूर्य उगवतो ती पूर्व" हे वाक्य सुरुवातीला ठीक आहे, पण तिथेच थांबू नका. सूर्य नेमका पूर्वेला उगवतो तो वर्षातून दोनदाच, 21 मार्च आणि 23 सप्टेंबरच्या सुमारास. डिसेंबरच्या अखेरीस पुण्यात तो पूर्वेपासून जवळजवळ 25 अंश दक्षिणेला सरकलेला असतो. नाताळच्या सुट्टीआधी सूर्याकडे बघून पूर्व ठरवली तर वर्गाची सगळी दिशा बिघडते.

उत्तर शोधायची खात्रीची रीत जुनी आहे आणि तिला एक काठी पुरते. सपाट जागेवर मीटरभर उंचीची काठी सरळ उभी करा. ती सरळ आहे की नाही हे दोऱ्याला दगड बांधलेल्या ओळंब्याने तपासा. बारा वाजल्यापासून दर दहा मिनिटांनी सावलीच्या टोकाशी खडूचा ठिपका काढा. सर्वांत आखूड सावली ज्या रेषेवर पडते ती उत्तर-दक्षिण रेषा.

इथे मुलांना एक मोठं आश्चर्य सापडतं. पुण्यात घड्याळात बारा वाजतात तेव्हा सावली सर्वांत आखूड नसते. आपलं घड्याळ 82.5 अंश रेखावृत्तावर चालतं आणि पुणं 73.9 अंशांच्या जवळ, म्हणजे बरंच पश्चिमेला आहे. त्यामुळे इथला खरा मध्यान्ह सरासरी 12 वाजून 35 मिनिटांच्या आसपास येतो. नोव्हेंबरच्या सुरुवातीला तो 12.20 च्या आगेमागे असतो, फेब्रुवारीत 12.50 च्या जवळ. रेखावृत्तांचं गणित चौथीला नको. "सूर्य आपल्या डोक्यावर उशिरा येतो, कारण तो आधी पूर्वेकडच्या लोकांच्या डोक्यावरून येतो" एवढं पुरे.

हाच ठिपक्यांचा खेळ सप्टेंबरात, डिसेंबरात आणि मार्चमध्ये करा आणि आखूड सावलीची लांबी परिपाठाच्या फळ्यावर लिहून ठेवा. मीटरभर काठीची मध्यान्हीची सावली 23 सप्टेंबर आणि 21 मार्चच्या सुमारास 33 सेंटिमीटरच्या आसपास भरते, डिसेंबरअखेर जवळजवळ 90. ऋतू का बदलतात हे पुढे सहावीत-सातवीत शिकताना या आकड्यांचा फार उपयोग होतो.

रेषा मिळाली की ती तैलरंगाने पक्की करा आणि चारही दिशा पटांगणात लिहून ठेवा. पुढे वर्गात नकाशा आणाल तेव्हा तो शक्य असेल तर उत्तरेच्या भिंतीवर टांगा. म्हणजे मुलाचं तोंड उत्तरेला, उजवा हात पूर्वेला आणि नकाशातली पूर्वही उजवीकडे. नकाशा दुसऱ्या भिंतीवर असेल तर शिकवताना तो खाली जमिनीवर अंथरा, रंगवलेल्या रेषेला जुळवून घ्या आणि मुलांना भोवती बसवा. "उत्तर म्हणजे वर, म्हणजे आकाशाकडे" हा समज या एका कृतीने जातो.

चौथी पायरी : शाळेभोवतीची फेरी

मुख्याध्यापकांची परवानगी, पालकांची चिठ्ठी आणि सोबत पुरेशी मोठी माणसं, हे आधी. रहदारीचा रस्ता ओलांडावा लागणार नाही असा अर्ध्या किलोमीटरचा वेढा निवडा. निघण्याआधी वर्गाचे गट करा आणि प्रत्येक गटाला एकच गोष्ट बघायला द्या : एकाला चढ-उतार, एकाला पाणी आणि गटारं, एकाला दुकानं, एकाला झाडं, एकाला दगड आणि माती. सगळ्यांनी सगळं बघायचं ठरवलं की कुणीच काही बघत नाही.

चढ-उताराच्या गटाकडे माझं नेहमी जास्त लक्ष असतं. शहरातल्या मुलाला रस्ता सपाटच वाटतो. त्याला विचारा, सायकल कुठे पायडल न मारता पळते? पाऊस पडल्यावर पाणी कोणत्या बाजूला धावतं? अर्धी भरलेली पारदर्शक बाटली रस्त्यावर आडवी ठेवली की पाण्याची पातळी लगेच दाखवते. जुन्या पेठांतली मुलं पाण्याच्या मागे गेली तर त्यांचे बहुतेक उतार नदीकडे जातात. सहकारनगर, दत्तवाडी, दांडेकर पूल या भागातल्या शाळांना आंबिल ओढा जवळ आहे. कात्रजच्या बाजूने येणारा हा ओढा मुठेला मिळतो आणि सप्टेंबर 2019 मध्ये एका रात्रीच्या पावसाने तो किती फुगला होता, हे घरातल्या मोठ्यांना आठवत असतं. सारसबागेच्या जागी पेशवाईत तळं होतं, हेही मुलांना सांगा, म्हणजे "तळ्यातला गणपती" हे नाव कुठून आलं ते कळेल. ओढ्याच्या त्या पुरात ज्या घरांत पाणी शिरलं होतं तिथली मुलं वर्गात असतील तर त्यांना सगळ्यांसमोर बोलायला लावू नका. त्यांना सांगावंसं वाटलं तर ती स्वतः सांगतील.

दगडांच्या गटाने काळा दगड, मुरूम आणि माती तीन बरण्यांत भरून आणावी. तिन्ही एकाच घराण्यातल्या. सुमारे 6 कोटी 60 लाख वर्षांपूर्वी जमिनीच्या भेगांतून लाव्हा थरावर थर बाहेर आला, त्याचा हा काळा दगड झाला. तो झिजून मुरूम झाला आणि मुरमाची माती. जंगली महाराज रस्त्यावरचं पाताळेश्वर याच दगडात कोरलेलं आहे. शाळा शिवाजीनगर, डेक्कनच्या बाजूची असेल तर पाताळेश्वराची फेरी अवश्य करा. इतिहास आणि भूगोल दोन्ही तिथे एका भिंतीत दिसतात.

नदीवर गेलात तर पुलावरून बघा, पाण्यात उतरू देऊ नका. पाणी असं का झालं, हा प्रश्न मुलं स्वतःच विचारतात आणि त्याला खरं उत्तर द्या : आपल्या घरांतलं सांडपाणी त्यात जातं.

पाचवी पायरी : दिवाळीच्या किल्ल्यात मुठेचं खोरं

पुण्यातल्या मुलांना डोंगर बनवायला शिकवावं लागत नाही. दिवाळीत प्रत्येक सोसायटीत, वाड्यात, चाळीत किल्ला उभा राहतो. विटा, पोती, माती, वर पेरलेले अळीव, सगळं त्यांना येतं. दिवाळीची सुट्टी संपली की हेच कौशल्य शाळेत आणा. या वेळी किल्ल्याऐवजी पुण्याचं खोरं करायचं.

पटांगणाच्या कोपऱ्यात पाच फूट लांब, तीन फूट रुंद जागा आखा. लांबी पूर्व-पश्चिम ठेवा. एक फूट म्हणजे दहा किलोमीटर, म्हणजे पश्चिमेच्या टोकाला ताम्हिणीच्या बाजूचा घाटमाथा आणि पूर्वेच्या टोकाला पुणं शहर बसतं. पश्चिमेला विटा रचून माती चढवा, ती सह्याद्रीची भिंत. भिंतीच्या पलीकडे मात्र एकदम खोल कडा ठेवा, कारण कोकणाकडे सह्याद्री तसाच तुटतो. नैऋत्येकडून सिंहगडाची रांग पूर्वेला आणा. मधल्या दऱ्यांतून दोन वाटा : दक्षिणेकडची मुठेची, उत्तरेकडची मुळेची. पूर्वेकडची बाजू मोकळी आणि जरा उतरती.

मुलं सिंहगड वीतभर उंच करतील. करू द्या, पण मग हिशेब करून दाखवा. पुणं समुद्रसपाटीपासून सुमारे 560 मीटरवर, सिंहगड सुमारे 1,300 मीटरवर. फरक साधारण साडेसातशे मीटर. आपल्या प्रमाणात हा गड जेमतेम सव्वादोन सेंटिमीटर भरेल, बोटाच्या एका पेराएवढा. उठावाच्या नकाशात उंची मुद्दाम वाढवून दाखवतात, नाहीतर डोंगर दिसणारच नाहीत, हे पाचवीच्या मुलाला या निमित्ताने समजतं.

आता झारी आणा. पाणी घाटमाथ्यावर हळूहळू सोडा आणि सगळ्यांना गप्प बसून बघायला सांगा. काही पाणी कड्यावरून कोकणाकडे पडतं, काही पुण्याकडे वळतं. धार बोटभर इकडे सरकवली की पाण्याची दिशा बदलते. यालाच पाणलोटाची सीमा म्हणतात. घाटमाथ्यावर शेजारी-शेजारी पडलेल्या दोन थेंबांपैकी एक अरबी समुद्रात जातो. दुसरा मुठेतून निघतो, हजाराहून जास्त किलोमीटर चालतो आणि बंगालच्या उपसागराला मिळतो. पुण्यापासून अरबी समुद्र सरळ रेषेत शंभरेक किलोमीटरवर आहे, तरी आपली नदी तिकडे जात नाही. जवळ काय आहे ते पाणी बघत नाही, उतार कुठे आहे ते बघतं. हे वाक्य मी मुलांकडून पुनःपुन्हा म्हणवून घेते, कारण नद्यांचा बराचसा भूगोल त्यात आहे.

पाणी मुरल्यावर नदीच्या जागी निळी लोकर टाका आणि पुढचा प्रवास फळ्यावर काढा. मुठा आणि मुळा संगमावर भेटतात. मुळा-मुठा रांजणगाव सांडसजवळ भीमेला मिळते. भीमा उजनी धरणातून पंढरपूरला जाते, तिथे तिला चंद्रभागा म्हणतात. पुढे ती कृष्णेला मिळते आणि कृष्णा बंगालच्या उपसागराला. "पंढरपूर" आलं की वर्ग जागा होतो. आषाढीला ज्ञानेश्वर महाराजांची पालखी आळंदीहून आणि तुकाराम महाराजांची देहूहून पुण्यात येते, ती मुलांनी पाहिलेली असते. आळंदी आणि देहू दोन्ही इंद्रायणीकाठी, आणि इंद्रायणीसुद्धा भीमेलाच मिळते. म्हणजे वारकरी जिथे जातात तिथेच आपल्या नद्यांचं पाणीही जातं, फक्त वाट वेगळी. एक पालखी दिवे घाट चढून सासवडला जाते, दुसरी लोणी काळभोर, यवतच्या बाजूने. दोन्ही वाटा आणि नदी एकाच कागदावर तीन रंगांत काढून घ्या. जुलैत शाळेची दिंडी निघते त्या आठवड्यात पुन्हा हा कागद बाहेर काढा.

धरणं याच मातीत बांधता येतात. मुठेच्या वाटेवर मातीचा बांध घाला, तो खडकवासला. त्याच्या वर, डोंगरात, आणखी तीन : पानशेत, वरसगाव, टेमघर. पाचवीला आकडे द्यायला हरकत नाही. वरसगावात सुमारे 12.8 टीएमसी (एक टीएमसी म्हणजे शंभर कोटी घनफूट) पाणी मावतं, पानशेतमध्ये 10.6, टेमघरमध्ये 3.7 आणि खडकवासल्यात जेमतेम 2. आता विचारा, वरची तीन धरणं भरली आणि पाऊस चालूच राहिला तर सर्वांत आधी कोणतं धरण ओसंडेल? मुलं बरोबर सांगतात. मग नदीपात्रातला कमी उंचीचा भिडे पूल पाण्याखाली का जातो, हेही त्यांचं त्यांना कळतं. बातम्यांतला "क्युसेक" म्हणजे दर सेकंदाला एक घनफूट, साधारण 28 लिटर, म्हणजे घरातल्या दीड-दोन बादल्या. दहा हजार क्युसेक म्हणजे सेकंदाला किती बादल्या, हे गणित त्यांना घरी करायला द्या.

12 जुलै 1961 रोजी पानशेत फुटलं, त्या दिवसाची आठवण असलेली माणसं आता थोडी उरली आहेत. कुणाच्या आजी-आजोबांपैकी कुणी असेल आणि यायला तयार असेल तर वर्गात बोलवा. पाणी कुठपर्यंत आलं होतं, ते त्यांना नकाशावर दाखवायला सांगा.

सहावी पायरी : पाऊस मोजा

पर्जन्यमापक घरी होतो. दोन लिटरची सरळ अंगाची बाटली घ्या, वरचा निमुळता भाग कापा आणि तोच उलटा करून नरसाळ्यासारखा बसवा. बाटलीचा तळ खोलगट असतो, म्हणून आत थोडे खडे टाकून तळ सपाट होईपर्यंत पाणी भरा आणि तिथे शून्याची खूण करा. पट्टी चिकटवा. इमारतीपासून आणि झाडापासून लांब, गच्चीवर किंवा मोकळ्या जागी, दोन विटांच्या आधाराने ठेवा. रोज सकाळी साडेआठला मोजा, कारण हवामान खातंही तेव्हाच मोजतं. मोजून झालं की पाणी पुन्हा शून्याच्या खुणेपर्यंत आणा.

सकाळी मोजलेला आकडा वर्तमानपत्रातल्या शिवाजीनगरच्या आकड्याशी ताडून बघायला लावा. तो सहसा जुळत नाही, आणि तेच शिकण्यासारखं आहे : कोथरूडला पाऊस, हडपसरला ऊन, हे पुणेकरांना नवं नाही. हवामान खात्याचं मुख्य कार्यालय 1928 मध्ये सिमल्याहून पुण्यात आलं. शिवाजीनगरच्या बसथांब्याला "सिमला ऑफिस" का म्हणतात, हे ऐकून मुलं घरी जाऊन पालकांना सांगतात.

मग जिल्ह्याकडे या. लोणावळ्याला वर्षाला 4,000 मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो. पुणे शहरात 700 ते 750. दौंड-बारामतीकडे 500 च्या आसपास. लोणावळा पुण्यापासून रेल्वेने साठ-पासष्ट किलोमीटर पश्चिमेला, दौंड पंचाहत्तर किलोमीटर पूर्वेला. इतक्या थोड्या अंतरात इतका फरक जगात फार ठिकाणी बघायला मिळत नाही. निळ्या घोटीव कागदाच्या पट्ट्या कापा, दहा मिलिमीटर पावसाला एक मिलिमीटर : लोणावळ्याची पट्टी 40 सेंटिमीटर, पुण्याची सात, दौंडची पाच. फळ्यावर ओळीने चिकटवा. मूल हे चित्र विसरत नाही.

कारण सांगताना मातीच्या खोऱ्याकडे परत जा. अरबी समुद्रावरून आलेला ओला वारा सह्याद्रीला अडतो, वर चढतो, थंड होतो आणि तिथेच बरसतो. घाट उतरून पुण्याकडे येईपर्यंत त्यातलं बरंचसं पाणी संपलेलं असतं. चहाच्या भांड्यातली वाफ थंड ताटलीवर धरून थेंब जमताना दाखवा, मात्र हा प्रयोग बाईंनी किंवा सरांनीच करायचा.

सातवी पायरी : ताटातला जिल्हा

पावसाचा धडा झाल्यावर लगेच जेवणाकडे वळा. पश्चिमेकडे मावळ, मुळशी, भोर या भागांत भात. पूर्वेकडे शिरूर, दौंडच्या कोरडवाहू रानात ज्वारी-बाजरी. पाट आला तिथे ऊस. पावसाच्या पट्ट्यांखाली ही पिकं लिहिली की कारण वेगळं सांगावं लागत नाही.

आठवड्याचा एक गृहपाठ द्या : घरात आलेल्या पाच भाज्या-फळं कुठून आली, भाजीवाल्या मावशींना किंवा काकांना विचारून यायचं. टोमॅटो नारायणगावचे, अंजीर पुरंदरचे, कांदा कधी चाकणचा, कधी नाशिककडचा, मोसंबी जालन्याची, केळी जळगावची. "मार्केट यार्डातून" हे उत्तर आलं तर "मार्केट यार्डात कुठून आलं?" हा पुढचा प्रश्न. अशी उत्तरं जमली की महाराष्ट्राचा छापील नकाशा पहिल्यांदा वर्गात आणायची वेळ झाली. सुतळीने प्रत्येक गाव पुण्याशी जोडा.

त्याच नकाशावर मुलांची गावंही येऊ द्यात. पुण्यातल्या, विशेषतः महापालिकेच्या शाळांत, बीड-लातूरची, कलबुर्गीची, बिहार-उत्तर प्रदेशची मुलं एका बाकावर असतात. "तुझं गाव कुठलं?" यापेक्षा "तुझी आजी कुठे राहते?" असं विचारा. उत्तर द्यायला सोपं जातं, आणि कुणी पिढ्यान्‌पिढ्या पुण्याचं असेल तर तेही तितक्याच मानाने नकाशावर येतं. सुट्टीत गावाला जाताना कोणत्या नद्या ओलांडल्या, एसटीतून उजव्या हाताला काय दिसलं, हे त्या मुलांना सांगू द्या. वर्गात सहसा मागे बसणारं मूल अशा दिवशी सर्वांत जास्त बोलतं.

आठवी पायरी : राज्य, देश, पृथ्वीगोल

इथे वेगाने जाता येतं, कारण पाया झालेला आहे. "आपण पुण्यात राहतो की महाराष्ट्रात?" यावर तिसरीत खरोखर वाद होतो. एकात एक बसणारे पाच कागद कापा : शाळा, पुणे, जिल्हा, महाराष्ट्र, भारत. भारताचा नकाशा मात्र भारतीय सर्वेक्षण विभागाच्या नकाशाबरहुकूम असलेलाच वापरा. इंटरनेटवरून उतरवलेल्या परदेशी नकाशांत आपल्या सीमा वेगळ्या दाखवलेल्या असतात.

उपग्रहाची चित्रं या टप्प्यावर दाखवा, त्याआधी नको. स्वतःच्या शाळेचं छप्पर ओळखता आलं की मुलांना पहिल्या पायरीवरची बाटली आठवते.

पृथ्वीगोलावर पुणं साडेअठरा उत्तर अक्षांशावर शोधा. ते कर्कवृत्ताच्या खाली आहे, म्हणून सूर्य वर्षातून दोनदा अगदी डोक्यावर येतो : 13-14 मेच्या सुमारास आणि जुलैच्या अखेरीस. त्या दिवशी मध्यान्हीला उभ्या काठीची सावली तिच्या बुडातच नाहीशी होते. जुलैत ढग असतात आणि मेमध्ये शाळेला सुट्टी, म्हणून हा सुट्टीचा अभ्यास : 13 मेला साडेबाराच्या सुमारास गच्चीवर सरळ उभी बाटली ठेवून बघायची. जी मुलं गावी गेली असतील त्यांनी आपल्या गावात बघायचं आणि जूनमध्ये सांगायचं. नागपूरकडे गेलेल्या मुलाला तो दिवस उशिरा सापडेल, सावंतवाडीकडच्याला लवकर.

परीक्षेत काय विचारायचं

वर्षभर असं शिकवून शेवटी "महाराष्ट्राची राजधानी कोणती?" एवढंच विचारलं तर मुलं आणि पालक दोघंही ओळखतात की खरं महत्त्व पाठांतरालाच आहे. नावं यायला हवीतच, त्यांना थोडे गुण ठेवा. बाकी प्रश्न असे असू द्यात :

शाळेच्या फाटकातून बाहेर पडून नदीकडे जायचं आहे, रस्ता न विचारता दिशा कशी ओळखशील?

खडकवासल्यातून पाणी सोडलं की ते आधी दौंडकडे जाईल की लोणावळ्याकडे? का?

बारामतीच्या आजोबांनी भात लावायचं ठरवलं तर त्यांना काय जास्त लागेल?

दुपारी साडेबाराला, डिसेंबरमध्ये, तुझी सावली कोणत्या बाजूला पडेल?

एक प्रश्न तोंडी आणि बाहेर घ्यावा. मुलाला पटांगणात उभं करून पुण्याचा नकाशा हातात द्यायचा आणि तो दिशेप्रमाणे फिरवून धरायला सांगायचं. ज्याने नकाशा फिरवून धरला त्याला पूर्ण गुण. ज्याने आधी जमिनीवरची रंगवलेली रेषा शोधली त्यालाही पूर्ण गुण. आणि जो नकाशाऐवजी स्वतःच फिरून उत्तरेकडे तोंड करतो त्याचे गुण कापू नका, कारण त्यालाही ते समजलेलं आहे.